काठापुरते स्वातंत्र्य

सूचनावही आली म्हणजे आमच्या शिक्षकांच्या खोलीत क्षणभर शांतता पसरते. सुट्टीची सूचना असली तर ती शांतता आनंदाची असते. परीक्षेच्या कामाची असली तर सुतकाची. त्या सकाळची शांतता मात्र यांपैकी कोणत्याच जातीची नव्हती. वही वाचून होताच जो तो आपल्याच अंगावरच्या कपड्यांकडे पाहू लागला होता.

"सर्व शिक्षकांनी महाविद्यालयात येताना सौम्य रंगाचा व व्यवसायास साजेसा पोषाख करावा," एवढेच ते वाक्य होते. संख्याशास्त्राच्या सरांनी आपल्या मोहरी रंगाच्या शर्टाची बाही चिमटीत धरून विचारले, "हा सौम्यात बसतो का हो?"

"पाठीमागून बसतो," हिशेबशास्त्राच्या सरांनी निकाल दिला. पाठीमागून तो शर्ट उन्हाने विटला होता.

सगळे हसले. मीही हसले. पण मी पडले मराठीची प्राध्यापिका. मला रंगापेक्षा शब्दांचा घोर अधिक. 'सौम्य' एक वेळ समजते. पण 'साजेसा' कोणाला? आमचे कॉलेज वाणिज्य शाखेचे. अलीकडे त्याला व्यवस्थापनाचा एक वर्ग जोडला आहे, आणि मुलांना नोकऱ्या द्यायला कंपन्यांची माणसे येऊ लागली आहेत. तेव्हा शिक्षकही एखाद्या कंपनीतून उतरल्यासारखे दिसावेत, अशी चालकांची इच्छा. पुरुषांनी शर्ट खोचावा, पायांत बूट असावेत. बायकांनी सलवार-कमीज ओढणीसह चालेल, पण 'शक्यतो साडी'. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना या 'शक्यतो'ची शक्ती मी समजावून सांगायला नको!

वही फिरत फिरत माझ्यापुढे आली. मी सही केली. अशा सूचनांवर सह्या करून मला आता सतरा-अठरा वर्षे होत आली. पण पूर्वी सही करताना छातीत जे धडधडे, ते आता धडधडत नाही. का धडधडत नाही, तेच आज सांगायचे आहे.

२००८ साली मी या कॉलेजात मुलाखतीला आले तेव्हा एम. ए. ची पदवी, सेट परीक्षेचा कागद आणि तीन साड्या एवढे माझे भांडवल होते. "साडी नेसून जा, जरा पोक्त दिसशील," असे मैत्रिणीने बजावले होते. पोक्त दिसले की नाही कोण जाणे. पण मी तासिका तत्त्वावर लागले. तासाला ठरलेले पैसे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून आमच्या हिशेबात मे महिनाही नाही.

त्या वेळी आमच्या विभागप्रमुख बाई निवृत्तीला आल्या होत्या. खळ दिलेल्या फिकट सुती साड्या, खांद्यावर चुण्यांचा नेमका पदर, मानेवर घट्ट अंबाडा. त्या व्हरांड्यातून जाऊ लागल्या की मुले भिंतीला चिकटत. प्राध्यापिका म्हणजे हीच, असे माझ्या मनाने घेतले. मी त्यांच्यासारखा पदर काढू लागले. तसाच अंबाडा घालू लागले. आणि एके दिवशी वर्गात शिकवताना, त्यांच्या सवयीप्रमाणे, नाकावरचा चष्मा वर सारायला माझे बोट गेले. मला तर चष्माच नव्हता! पहिल्या बाकावरच्या पोरी फिस्सकन हसल्या, आणि मला एकदम उघडे पडल्यासारखे झाले.

आज मी त्या नकलेला हसत नाही. नवा लिहिणारा आधी आवडत्या लेखकाच्या आवाजात बोलतो. त्याशिवाय त्याला तोंड उघडायचा धीरच होत नाही. वाईट एवढेच की आपण दुसऱ्याच्या आवाजात बोलतो आहोत हे त्याला सर्वांच्या शेवटी कळते.

शिवाय नकलेलाही पैसे पडतात. बाईंच्या सुती साड्यांना खळ लागे, इस्त्री लागे. दुसऱ्या दिवशी तीच साडी चुरगळून मलूल होई. माझ्या मिळकतीत ते बसेना. मग मी धुतली की वाळणारी, इस्त्री न मागणारी, कृत्रिम धाग्याची साडी नेसू लागले. सोलापूरकडच्या एप्रिलात ती साडी नेसून दुपारचा तास घेणे म्हणजे स्वतःच्या वाफेत शिजणे. साधा पोषाख स्वस्त असतो, असे ज्यांना वाटते त्यांना तो रोज करावा लागत नसावा.

अशा दिवसांत मला गुरू भेटला, तो सूचनावही घेऊन येणारा आमचा शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांना कॉलेजकडून वर्षाला दोन खाकी गणवेश मिळत. असेच गणवेश बाकीच्या चार शिपायांनाही मिळत. पण लांबून पाठमोरे पाहिले तरी हे मामा, हे ओळखू येई. त्यांच्या बाह्या कोपराखाली बरोबर दोन घड्यांवर थांबलेल्या असत. टोपी पांढरी, हाताने धुऊन कडक केलेली. खिशाला एक पेन्सिल, तिचे टोक नेहमी वर.

एकदा मी त्यांना सहज म्हटले, "मामा, तुमचाच गणवेश तेवढा नवा कसा दिसतो?"

"नवा कुठला, बाई? सगळ्यास्नी एकाच ठाणातलं कापड हाय," मामा म्हणाले. "कापड कॉलेजचं. घडी आपली."

मग त्यांनी घडीचे कारण सांगितले. बाही दोनदा दुमडली की पाण्याचा तांब्या ओतताना भिजत नाही. तीनदा दुमडली तर कोपराला काचते. पेन्सिलीचे टोक वर, कारण खाली ठेवले तर खिसा काळा होतो. त्या माणसाच्या ऐटीत ऐट म्हणून केलेली एकही गोष्ट नव्हती. जे होते ते कामातून आलेले होते. आणि म्हणूनच ते दुसऱ्या कोणाच्या अंगावर तसे दिसत नव्हते.

त्या रात्री मी प्रथमच स्वतःला विचारले: माझे काम काय आहे? मी दिवसातून चार वेळा फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात नेते. आखूड बाहीचे पोलके वर सरकते आणि मी अर्धे वाक्य लिहून हात खाली घेते. मी दोन मजले चढते. खडू, किल्ली, रुमाल या तीन वस्तू मला सतत लागतात आणि ठेवायला जागा नाही, म्हणून एक हात कायम गुंतलेला. मी नव्या पोलक्यांच्या बाह्या कोपरापर्यंत शिवून घेतल्या. साडी दोन बोटे वर नेसू लागले. आणि परकराला उजव्या बाजूला आतून एक खिसा लावला.

तो खिसा कोणाला दिसत नव्हता. पण ज्या दिवशी दोन्ही हात मोकळे ठेवून मी वर्गात शिरले, त्या दिवशी माझे शिकवणेही थोडे मोकळे झाले. हातवारे करता येऊ लागले! नियमाचे एक अक्षरही मी मोडले नव्हते.

२०१४ साली माझी आई गेली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि बाजारातून हप्त्याहप्त्याने घेतलेल्या इरकली साड्या नेसून तिने सारी नोकरी केली. तिची ट्रंक उघडली तेव्हा त्यात सात इरकली निघाल्या. गडद निळे अंग, लाल काठ, आणि लाल-पांढरा टोपपदर. इरकलीचे अंग वेगळ्या ताण्याचे आणि पदर वेगळ्या ताण्याचा. विणकर मागावर दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत अडकवून जोडतो, तेव्हा साडी पुरी होते. हा जोड आई मला लहानपणी बोटाने दाखवीत असे. साड्यांखाली घडी घातलेले खण होते, ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले. कोणता खण कोणी दिला याच्या चिठ्ठ्या तिने टाचणीने लावून ठेवल्या होत्या.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी त्यांतली एक इरकल कॉलेजात नेसून गेले. शिक्षकांच्या खोलीत एक भुवई उंचावली. "आज काय, गावाकडच्या बाजाराला?" असे कोणी तरी म्हणालेही. मी वर्गात गेले. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसत असे; वर्षभरात तिने 'हजर' याखेरीज शब्द उच्चारला नव्हता. ती तास संपल्यावर जवळ आली, पदराकडे पाहत म्हणाली, "मॅडम, माझी आजी असलीच नेसते," आणि पळून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या बाकावर बसू लागली.

पण पुढच्याच महिन्यात कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची होती. सर्व शिक्षिकांना एकसारखी साडी ठरली: राखी रंग, निळा काठ, कृत्रिम रेशीम. एकगठ्ठा खरेदी झाली आणि पैसे आमच्याकडून घेतले गेले. त्याच सुमारास माझी कायम नेमणुकीची मुलाखत तोंडावर आली होती. सात वर्षे मी त्या एका कागदाची वाट पाहत होते. प्राचार्यांनी मला बोलावून सौम्य शब्दांत सांगितले, "बाई, त्या दिवशी तेवढी ती इरकल नको." मी "बरे" म्हटले. यात लपवण्यासारखे काही नाही. मला नोकरी हवी होती.

घरी येऊन मात्र मी ट्रंक उघडली. खणांत एक निळा होता. चिठ्ठीवर लिहिले होते, 'शाळेतल्या सेविकाबाईंकडून'. मी तो शिंप्याकडे नेला आणि साडीबरोबर आलेले पोलक्याचे कापड बाजूला ठेवले. सूचनेत साडीचा रंग होता, काठ होता, पदर कसा लावायचा हेही होते. पोलक्याचा उल्लेख नव्हता.

समिती आली, हिंडली, जेवली, गेली. माझ्या खणाकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. संध्याकाळी खुर्च्या उचलता उचलता मामा तेवढे थांबले आणि म्हणाले, "जमली की घडी, बाई."

वाचकांपैकी कोणी म्हणेल, यात कसला आला पराक्रम? कसलाच नाही. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी झाली, तिला मोठमोठे सरदार-दरकदार नटूनथटून आले होते. जोतीराव फुले तेथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरा देश कोणत्या कपड्यांत राहतो हे त्यांनी राजपुत्राला सांगितले. पोषाख हे शस्त्र कसे होते ते तेथे पाहावे. आमच्यासारख्या पगारी माणसांचे स्वातंत्र्य एवढे मोठे नसते. ते काठापुरते असते. पण काठापुरते असले तरी ते कोणी तरी विणलेले असते, आपोआप उगवत नाही.

नियम करणारेही आपल्या परीने धडपडत असतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट बंद केले, आणि शुक्रवारी खादी वापरायला सांगितली. पुढच्याच वर्षी जीन्सवरचा राग निवळला. मार्च २०२४ मध्ये शाळांतील शिक्षकांची पाळी आली: पुरुषांनी शर्ट खोचावा, स्त्रियांनी साडी किंवा सलवार-कुडता ओढणीसह घालावा, जीन्स, टी-शर्ट नकोत, गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. हे वाचताना मला आईची गडद निळी इरकल आठवली. ती सौम्य ठरली असती की चित्रविचित्र? नोव्हेंबर २०२१ मध्ये केरळच्या उच्च शिक्षण खात्याने मात्र उलट दिशेने पत्र काढले होते: अध्यापिकांवर साडीची सक्ती करता येणार नाही. त्याच साडीची कोठे सक्ती होते, कोठे त्या सक्तीलाच बंदी होते. तेव्हा दोष साडीचाही नाही आणि जीन्सचाही नाही. माणसाला आपल्या अंगावरच्या कापडात स्वतःची एक तरी घडी घालायला जागा हवी, एवढाच प्रश्न असतो.

शैली शिकवताना मी मुलांना सांगते की हा शब्द 'शील' या शब्दापासून आला आहे. शील म्हणजे स्वभाव, सवय, नित्याचे वागणे. तेव्हा शैली म्हणजे वरून लावलेली चमकी नव्हे. रोज तेच काम करता करता माणसाला पडलेले वळण ते. ज्याला काम नाही त्याला फॅशन असते. शैली असेलच असे नाही.

२०१६ साली मी कायम झाले. त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस इरकल नेसू लागले आणि कोणी काही म्हटले नाही. कायम होताच माझे धैर्य असे एकदम वाढले, ही गोष्ट मला अभिमानाची वाटत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आजही तासिका तत्त्वावरची एक तरुण शिक्षिका बसते. तिच्या साड्या मी मोजत नाही. पण तीन आहेत हे मला ठाऊक आहे.

आणि म्हणून दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मी गोंधळले. एका बँकेच्या मुलाखतीसाठी तिने मैत्रिणीचा काळा कोट आणला होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. प्रशिक्षण देणाऱ्यांनी तिला केस वर बांधायला, शक्य तर कापायला सांगितले होते. तिची वेणी कमरेच्या खाली होती.

"मॅडम, मी काय करू? अंबाडा घातला की माझी मान दुखते. मग मला बोलायलाच सुचत नाही."

कायम नोकरीत बसून दुसऱ्याच्या पोरीला बंड करायला सांगणे फार सोपे. मी तिला म्हटले, "कोट घाल. त्याला इलाज नाही. पण बाह्या आपण आत घेऊ." माझ्या खणात सुई-दोरा असतो. आम्ही दोघींनी मिळून बाह्या दीड इंच आत दुमडून टाके घातले. मग ती वेणीवर हात ठेवून उभी राहिली. मी म्हटले, "जिच्यामुळे तुला बोलता येते ती गोष्ट काढून ठेवू नकोस. घट्ट घाल, नीट घाल, पण वेणीच घाल."

ती नोकरी तिला मिळाली नाही.

त्या नकारात वेणीचा वाटा किती होता, हे मला कधीच कळणार नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. समितीच्या दिवशी मी स्वतः इरकल ट्रंकेत ठेवून गेले होते आणि या पोरीला मात्र वेणी सोडू नकोस म्हणाले होते. मी चुकले असेन. आजही छातीठोकपणे 'नाही' म्हणवत नाही.

मामा निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. परवाची सूचनावही घेऊन नवा मुलगा आला होता. वहीवर सह्या चालल्या असतानाच दारात ती मुलगी उभी राहिली, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. गावाकडच्या एका पतसंस्थेत तिला लागून सहा महिने झाले होते. अंगावर संस्थेची ठरलेली साडी होती, सोमवारची पोपटी. बुधवारी, म्हणाली, जांभळी असते. वेणी होती तशीच होती, कमरेखाली.

"गणवेशच आहे मॅडम, दुसरे काही चालत नाही," ती म्हणाली. मग खोलीत पुरुष शिक्षक आहेत हे पाहून तिने मला व्हरांड्यात नेले आणि हलक्या आवाजात सांगितले, "पण परकराला खिसा लावलाय. दोन्ही हात मोकळे राहतात. नोटा मोजायला बरे पडते."

खिशाची गोष्ट मी तिला कधी सांगितली होती, मला आठवत नाही. कदाचित सांगितलीच नसेल. तिच्या कामानेच तिला सांगितली असेल.

मी पेढा तोंडात टाकला आणि तासाला गेले.